अंडी बंद केली, तरीही

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही आखातात, अबू हलीफा नावाच्या वस्तीत राहायचो. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते आणि माझे यजमान एका कंपनीत ड्राफ्ट्समन. रोज सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट खाल्ल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. जमियातून, म्हणजे वस्तीतल्या सहकारी दुकानातून, आठवड्याला अंड्यांचा अख्खा ट्रे यायचा.

एकदा सहज म्हणून मी त्यांचं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल इतकं जास्त आलं की माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मी पुन्हा तपासलं. आकडा तोच.

त्यांचे वडील पन्नाशीच्या आतच हार्ट अटॅकने गेले होते. हे तेव्हा एकेचाळीस वर्षांचे. बसमधून घरी येताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आमच्या दवाखान्यातले डॉक्टर मूळचे नागपूरचे. त्यांनी रिपोर्ट पाहून अंडी, लोणी, तळलेलं सगळं बंद करायला सांगितलं. मी ट्रे उचलून शेजारणीला देऊन टाकला. सात वर्षांच्या लेकीनेही पहारा सुरू केला. फ्रीजचं दार वाजलं की ती ओरडायची, "नो एग्ज, बाबा!"

यांनी निमूटपणे ओट्स खाल्ले. तीन महिने. कुणाकडे जेवायला गेलो तर बिर्याणीतलं अंडंसुद्धा बाजूला काढून ठेवायचे. आणि तीन महिन्यांनी आकडा आधीपेक्षा थोडा वरच!

मी त्या दिवशी त्यांच्यावर चिडले. "ऑफिसात चोरून खाता ना?"

"अगं, शपथ घेऊ का?" ते म्हणाले. एवढंच. एरवी वाद घालणारा माणूस सोफ्यावर जाऊन पडला. मला वाटलं, रुसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. हात मिळवताच डॉक्टर म्हणाले, "हात एवढा गार? बाहेर तर भाजून निघतोय माणूस."

"ऑफिसात मला स्वेटर लागतो हल्ली," हे म्हणाले.

"आणि आवाज कधीपासून असा बसलाय?"

मी यांच्याकडे बघितलं. आवाज बसला होता खरा, पण तो इतका हळूहळू की रोज ऐकणाऱ्या मला कळलंच नव्हतं. वजन वाढलं होतं, संध्याकाळी सातलाच झोप यायची, कातडी कोरडी पडली होती. या प्रत्येक गोष्टीचं कारण मी मनाशी शोधून ठेवलं होतं: वय, कामाचा ताण, इथली हवा.

डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी लिहून दिली. ती मोठ्या हॉस्पिटलात होत असे, आठवडा लागला. रिपोर्टमध्ये थायरॉइड ग्रंथी फार मंदावलेली निघाली.

"ती मंदावली की शरीर कोलेस्टेरॉलचा निचरा नीट करत नाही," डॉक्टरांनी समजावलं. "बिचाऱ्या अंड्यांवर आपण उगाच सगळा आळ घेतला. मीही घेतला. आता रोज एक गोळी घ्यायची, बस."

मी तिथेच रडले. इतक्या दिवसांची भीती, आणि सगळं एका साध्या गोळीवर निभावलं होतं. हे मात्र गोंधळून मलाच समजावत होते, "अगं, चांगली बातमी आहे ना?"

गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत स्वेटर सुटला. काही महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा आकडा जवळजवळ ताळ्यावर आला होता. या वेळी मी ते काम मुद्दाम सहकारिणीला दिलं होतं.

"मग अंडी?" यांनी डॉक्टरांना विचारलं.

"काहींचं कोलेस्टेरॉल अंड्यांनी वाढतं, बऱ्याच जणांचं फारसं वाढत नाही. तुमच्या वडिलांचं लक्षात घेता आठवड्यातून तीन-चार खा, उकडून. लोणी-तूप मात्र कमीच. आणि तपासत राहू."

परतताना गाडीत यांनी चोरून खाण्याचा विषय काढला. मी माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "एकदा खाल्लं होतं. अर्धंच."