गाडीला बांधलेल्या पट्ट्या

समोरच्या सिस्टरनी गाडी कुणाच्या तरी अंगावर घातली आणि आता खाली त्याची मलमपट्टी चालली आहे, ही बातमी मला वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी दिली. मी चहा अर्धा टाकून खाली धावलो. एवढी ताजी बातमी आणि मी मागे राहायचं, हे मला शोभत नाही. खाली जखमी कुणीच नव्हतं. गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि आतल्या रबरी पाइपांच्या सांध्यांवर पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. काकूंनी खिडकीतून तेवढ्या पट्ट्या पाहिल्या. बाकीचं शिवणकाम त्यांचं.

सिस्टर इस्पितळात नर्स आहेत. त्यांच्या पहाटेच्या पाळीला एकही बस पोचवत नाही. पूर्वी त्या नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून जायच्या. नवरा म्हणजे आमचे मास्तर. ते स्कूटर अशी चालवतात की सायकलवाले मागून घंटी वाजवतात. चाळिशी उलटल्यावर सिस्टर गाडी शिकल्या आणि सुटल्या. पण हल्ली इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट गळायला लागलं आणि दोनदा चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. मास्तरांनी फर्मान काढलं, गाडी विकायची. दिरांनी लगेच गिऱ्हाईकही हुडकलं. ते त्याच संध्याकाळी येणार होतं.

सिस्टरना कोडं पडलं होतं ते वेगळंच. गाडीखाली रोज डबकं, पण कूलंटची बाटली रोज भरलेली. असा पेशंट त्यांनी आजवर पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी बाटलीवर औषधाची चिकटपट्टी लावून पातळीची खूण केली. सकाळी पातळी खुणेच्या वर! शिवाय कूलंटचा हिरवा रंग दिवसेंदिवस फिका पडत चालला होता. त्यांनी मास्तरांकडे नुसतं पाहिलं. मास्तर चष्मा पुसू लागले. बायकोची गाडी वाटेत तापू नये म्हणून हा माणूस गुपचूप तांब्याने नळाचं पाणी काठोकाठ ओतत होता. जास्तीचं पाणी गाडी तापली की वरून बाहेर यायचं आणि त्या डबक्यात खरी गळती लपून जायची. विकायला निघालेल्या गाडीची एवढी सेवा मी तरी कुठे पाहिली नाही.

तांब्या जप्त झाला. मग पट्ट्या आल्या. फिरत्या पंख्यात किंवा त्याच्या पट्ट्यात अडकणार नाही अशा बेताने प्रत्येक सांध्यावर एकेक. सिस्टर वस्तीला एक फेरी मारून आल्या, इंजिन पूर्ण निवू दिलं आणि वाकून तपासलं. सगळ्या पट्ट्या कोरड्या, रेडिएटरच्या खालच्या पाइपाची तेवढी हिरवी.

"हा बघा, ताप इथे आहे," त्या म्हणाल्या.

क्लिप गंजलेली आणि पाइपाचं तोंड चिरलेलं. आमच्या घरचा जुना टब मी दिला (बायकोला अजून माहीत नाही). त्यात कूलंट काढलं, पाइपाचं चिरलेलं टोक बोटभर कापलं, नवी क्लिप आवळली. नवं कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत सिस्टर तिथून हलल्या नाहीत. कूलंट गोड पण विषारी, मांजरं तोंड घालतील म्हणून टबावर फळी ठेवायचं काम मास्तरांकडे.

संध्याकाळी दीर गिऱ्हाईक घेऊन आले. सिस्टरनी दोघांना मागे बसवलं, मास्तरांना पुढे, आणि गाडी थेट त्याच चढावर घातली. काटा मध्यावरून हलला नाही. परत आल्यावर गिऱ्हाईक भलतंच खूश. दीर म्हणाले, "वहिनी, आत्ताच देऊन टाका, चांगली चाललीय तोवर." मास्तरही चाचरत म्हणाले, "अगं, जुनीच आहे. उद्या पुन्हा दुखणं काढलं तर?"

सिस्टरनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "तुमचे गुडघे कधीपासून दुखतायत. तुमच्यासाठी कधी गिऱ्हाईक शोधलं का मी?"