हक्कसोड

आमचे वडील, आप्पा, गेले, त्यानंतर वर्ष उलटायच्या आत भावाचा फोन आला. "शेताच्या हक्कसोडवर सही करायला शहाद्याला ये. ताईलाही सांगितलंय." मी नंदुरबारच्या शाळेत मराठी शिकवते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीने निघाले. इकडे बहिणी सही करतातच. न केलेली मी तरी पाहिली नव्हती, आणि वाद घालायचा जीवही उरला नव्हता.

निबंधक कार्यालयाच्या बाहेर दस्तलेखकाच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. ताई तळोद्याहून आली होती. लग्न होईपर्यंत शेत तिनेच सांभाळलेलं, आप्पांबरोबर केळीला पाणी द्यायला तीच जायची. मी शिकायला बाहेर होते आणि भाऊ लहान होता.

दस्तलेखक वाचू लागला, "...मी माझा हक्क भावाच्या लाभात स्वखुशीने कायमचा सोडून देत आहे." मी सही केली. पेन ताईपुढे गेलं. तिने ते हातात घेतलं नाही.

"सोडून कसाले?" ती म्हणाली. "मी सोडी नही ऱ्हायनी. भाऊले दी ऱ्हायनी. दिलं म्हणून लिहा."

"बाई, मजकूर ठरलेला असतो," लेखक म्हणाला. "अर्थ एकच आहे."

"एक नही शे," ताई म्हणाली. "जे नको झालं ते माणूस सोडस. माले ते वावर नको नव्हतं."

भावाचा चेहरा उतरला. "ताई, तुले काय कमी शे? बठ्या बहिणी सही करतस."

"करतस. त्यासले कोणी विचारस का?"

ती उठली, पदर सावरला आणि स्टँडकडे चालू लागली. मी मागे गेले नाही. माझी सही झाली होती. त्या क्षणी मला तिचा रागच आला, कारण आता हे प्रकरण मलाच निस्तरावं लागणार होतं.

सातबाऱ्यावर ताईचं नाव राहिलं. तिने वावरात हिस्सा मागितला नाही, पीक मागितलं नाही, फक्त सही केली नाही. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींच्या सणाला भावाने मला बोलावलं आणि तिला नाही. मी गेले. वहिनीने खापरावरचे मांडे केले, झोका बांधला. जेवताना भाऊ म्हणाला, "तू तरी समजूतदार शेस." मी अर्धा मांडा ताटात ठेवून उठले.

पुढच्या आखाजीला मी माहेरी जायचं टाळलं आणि जीपने तळोद्याला गेले. ताई दारातच बसली होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही. चहा झाला. मी विचारलं, "एका शब्दासाठी एवढं?"

"तू शाळेत शब्दच शिकवस ना?" ती शांतपणे म्हणाली.

दुपारी भावाचा फोन आला, मी कुठे आहे म्हणून. मी सांगितलं. मी फोन ताईच्या हातात दिला. तिने नुसतं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "हा, ये." थोड्या वेळाने मला म्हणाली, "घ्यायला येतोय. दोघींना."

तो संध्याकाळी आला. सहीचं कोणी बोललं नाही. ताई आत गेली आणि साडी बदलून आली.

आता दर आखाजीला आम्ही दोघी जातो. सातबारा तसाच आहे. भाऊ वावर कसतो, ताई कधी बांधापर्यंत जाऊन येते. वहिनी मला एकदा म्हणाली, "त्यांना सही करायला तुम्हीच सांगा ना." मी बरं म्हटलं. अजून सांगितलेलं नाही. सांगेनसं वाटत नाही.