मोडायला दिलेले चार टीव्ही

माझ्या मेहुण्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद पडून आठ महिने झाले होते. जुने टीव्ही, संगणक मोडून त्यातलं तांबं आणि प्लॅस्टिक वेगळं काढणाऱ्या विक्रोळीतल्या एका कंपनीने दुसरी शेड उघडली आणि चाळीस जागा काढल्या. मी ओळख काढून याचं नाव घातलं. चाचणीच्या दिवशी रजा टाकून बरोबरही गेलो. काम सोपं होतं, तासाभरात चार टीव्ही मोडायचे.

तास संपला तेव्हा इतरांपुढे तांब्याचे आणि प्लॅस्टिकचे ढीग होते. याच्यापुढे एक टीव्ही चालू होता.

"काका, मोडायचा होता ना!" सुपरवायझरने कपाळाला हात लावला.

"फक्त कंडेन्सर गेला होता हो. बाजूच्या सेटचा काढून लावला."

त्याला घेतलं नाही. रिक्षात बसल्याबरोबर माझा तोल गेला. "अरे, चाळीस जागा होत्या, चाळीस! स्क्रू काढण्याचा पगार मिळणार होता तुला, परत बसवण्याचा नाही!"



"भावोजी," तो म्हणाला, "अजून अर्धा तास दिला असता ना, तर आणखी एक चालू झाला असता."