जावयाचा तंबू आणि नदीतला झिरा

माझ्या बहिणीचा नवरा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला निसर्गाची आवड लग्नानंतर काही वर्षांनी लागली, आणि लागली ती अशी की घरात दुसरा विषय उरला नाही. गेल्या हिवाळ्यात, संक्रांत झाल्यावर, त्याचा फोन आला. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, नदीकाठी आमचं शेत आहे. तिथे तो मित्रांना घेऊन तंबू ठोकणार होता.

"शेतातल्या खोलीत झोपा ना, पलंग टाकून देतो," बाबा म्हणाले. खोलीतच झोपायचं तर पुणं काय वाईट, असं त्यानं त्यांना समजावलं. निसर्गावर ओरखडासुद्धा न उमटवता राहायचं, हा सगळ्याचा मुद्दा होता. बाबा नुसते "हाव, हाव" म्हणत राहिले. जावई म्हटला की आमच्याकडे त्याची अक्कल तपासायची पद्धत नाही.

उघड्यावर झोपणं आम्हाला नवं नव्हतं. हरभऱ्याला घाटे धरले की रोही आणि रानडुकरं वावराची वाट लावतात, म्हणून माळ्यावर चढून जागल करावी लागते. थंडीनं दातावर दात वाजत असतात, खाली कुत्रं भुंकत असतं, आणि सकाळी घरी आल्यावर कोणी फोटो मागत नाही.

ते दोन गाड्या भरून आले, बरोबर बहीणही होती. तंबू, घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, गॅसची शेगडी, कॉफी गाळायचं यंत्र, बांबूचे दात घासायचे ब्रश. ओरखडा न उमटवायला एवढं सामान लागतं, हे मला तेव्हा कळलं. मित्रांपैकी एकानं उतरल्या उतरल्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, प्लास्टिकचा कागद उचलून माझ्या हातात दिला आणि "जागरूकता कमी आहे इकडे" असं म्हणाला. कागद त्यांच्याच गाडीतून पडलेला होता. मी तो खिशात घातला.

संध्याकाळ व्हायच्या आत बाबांनी हरभऱ्याची हिरवी झाडं उपटून, काडीकचरा पेटवून हुळा भाजायला घेतला होता. पाहुण्यांसाठी त्यांनी हे मनापासून मांडलं होतं.

"जावाईबुवा, गरम हाये तोवर खाऊन पाहा."

"बाबा, आगीनं जमीन भाजते," तो म्हणाला. "मातीतले जीव मरतात, शिवाय काळा डाग राहतो. आम्ही शेगडीच वापरतो."

ज्या वावरात दरवर्षी नांगर फिरतो, तिथल्या हातभर डागाची त्याला काळजी होती. बाबांनी बादली उचलली आणि अर्धवट भाजलेल्या घाट्यांवर पाणी ओतलं. त्यांना वाईटही वाटलं नव्हतं. मला त्याचाच जास्त राग आला.

बहीण आमच्याबरोबर गावातल्या घरी झोपायला आली. सकाळी मी दूध घेऊन पुढे निघालो, ती न्याहारी बांधून बाबांबरोबर मोटारसायकलवर मागून येणार होती. शेतावर पोचलो तर नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूत, जागोजागी तुराटीचे तुकडे उभे खोचलेले.

"भाऊजी, हे काय?"

"शौचाचे खड्डे," तो उत्साहानं सांगू लागला. "वीतभर खणायचं, नीट बुजवायचं, वर काडी खोचायची, म्हणजे दुसरा तिथेच खणत नाही. वाळूत खणायलाही सोपं जातं. पाण्यापासून लांब पाहिजे, हा पहिला नियम."

"नदीत खणलं तुम्ही?"

"कोरडी आहे की नदी. पाणी कुठे दिसतंय?"

आमच्या भागात विहिरीचं पाणी खारं लागतं, जनावरंसुद्धा तोंड फिरवतात. नदी वरून आटली तरी वाळूखालून वाहत असते. वाळू उकरली की गोड पाणी लागतं, त्याला आम्ही झिरा म्हणतो. आमचा झिरा पुढच्या वळणावर, उताराला होता. शेतावर राहणारं सालदाराचं कुटुंब आणि तूर सोंगायला येणाऱ्या बाया तेच पाणी पीत. त्याला हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मोटारसायकल आली.

बहिणीनं काड्या पाहिल्या. तिला काही सांगावं लागलं नाही. न्याहारीचं गाठोडं तिनं टेबलावर ठेवलं, आधी सालदाराच्या बायकोला हाक मारून झिऱ्यावर जायचं नाही असं सांगितलं, आणि मग गडवा घेऊन स्वतः वळणापलीकडे गेली. परत आली तेव्हा गडवा भरलेला होता. तो तिनं नवऱ्यासमोर धरला.

"प्या."

"अगं, कुठलं पाणी आहे?"

"तुमी जिथी खड्डे केले, तिथून झिरपून आलेलं. आमी सारे हेच पेतो. प्या."

त्यानं गडव्यात पाहिलं. "म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या वाळूतून गाळून येताना ते..."

"मंग प्या ना! काऊन मांगं सरून राह्यले?"

लग्नानंतर पुण्याची भाषा तिनं चांगलीच उचलली होती. त्या सकाळी तिच्या तोंडून त्यातला एक शब्द आला नाही. मित्र तंबूच्या दोऱ्या सोडण्यात एकदम गुंतले. त्यानं पाणी घेतलं नाही, तेव्हा तिनं ते काठावर ओतलं आणि खोलीतून फावडं आणून त्याच्या हातात दिलं.

"काडी पाहून एकेक काढा. वाळूसकट. अन् वावराच्या पार तिकडं नेऊन पुरा."

तो खाली वाकला. बाबा धावले. "द्या इकडं, जावाईबुवा! जावायाच्या हाती फावडं! लोक काय म्हणतीन?"

"बाबा, मांगं व्हा," बहीण म्हणाली. "एक शब्द बोलू नका."

बाबा मागे झाले. मी दुधाची बरणी घेऊन उभा होतो आणि मला खरंच मजा येत होती. त्यानं नाकाला रुमाल बांधला. एका मित्राला ओकारी आली, दुसरा गाडीत जाऊन बसला. निसर्गाशी एकरूप व्हायला आलेल्या मंडळींना स्वतःच्या पोटातून पडलेलं चार पावलं वाहून नेता येईना. दुपारच्या आत ते जेवण न करताच गेले. बहीण त्यांच्याबरोबर गेली नाही.

जुन्या झिऱ्याचं पाणी आता कोणी तोंडाला लावणार नव्हतं, म्हणून मी आणि सालदारानं मिळून पात्रात बरंच वर, दगडांपाशी, नवा झिरा उकरला. तिथे पाणी खोलवर लागलं. बायांना त्या हंगामात घागरी घेऊन दूर चढून जावं लागलं, आणि त्यांनी जावयाला ज्या शिव्या दिल्या त्या मी बाबांपर्यंत पोचू दिल्या नाहीत.

होळीला तो बहिणीला न्यायला आला. ओसरीवर पाय पसरून बसला, पुरणपोळी खाल्ली, आणि ग्रामीण भागात पाण्याविषयी अज्ञान किती आहे यावर बाबांशी बोलू लागला. बाबा मान हलवत होते. बहीण पिशवी घेऊन बाहेर आली. "चला, उशीर होऊन राह्यला," एवढंच म्हणाली. बाबा त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. मी ओसरीवरून उठलो नाही.