पाकळ्यांवरचा अंगठा

खिडकीत वाळत ठेवलेल्या रेझिनच्या ताटलीवर सकाळचं तिरपं ऊन पडलं आणि झेंडूच्या पाकळ्यांवर एक अंगठा उमटलेला दिसला. मला पदवी मिळाली तेव्हा आईने घातलेल्या हाराच्या या पाकळ्या. ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये त्या जपाव्यात म्हणूनच मी हे काम शिकायला घेतलं. पहिल्या ताटलीत बुडबुडे राहिले. दुसरीत रेझिन घट्ट करणारं हार्डनर अंदाजाने घातलं, ती चिकटच राहिली. उरलेल्या पाकळ्यांची ही तिसरी ताटली मात्र छान जमली होती. पण काल ती पुरती वाळली नसतानाच, पापड वाळला का बघावं तसं आईने अंगठ्याने दाबून बघितलं होतं.

शिकवणाऱ्या ताईंना फोन केला. "पॉलिश पेपरने घास आणि वरून पातळ थर ओत. खूणही राहणार नाही," त्या म्हणाल्या.

आईने लगेच पेपर आणून हातात दिला. "घास बाई. तुझ्या शाळेच्या कागदांवर माझा अंगठा होता, आता इथंही कशाला?"

ते कागद मला आठवले. वर्गात बाईंना देताना मी त्यांची घडी घालायचे, अंगठा आत झाकला जाईल अशी.

मी ताटलीच्या फक्त कडा घासल्या आणि ती पुढच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी मांडली.