यशोधरेला निजवायचं नाही

गेल्या महिन्यात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवून मी आणि अंबूआत्या तंजावूरच्या तिच्या घरी कोलूसमोर चटई टाकून पडलो. चार वाजता मी उठले. ती उठली नाही… जन्मभर सगळ्यांना ‘सांगून जा’ म्हणून छळणारी बाई मला न सांगता गेली, याचा राग अजून उतरलेला नाही.

कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. तंजावूरच्या आम्हा मराठी घरांतही तो पिढ्यान्‌पिढ्या असतो. पण आत्या कॉलेजात इतिहास शिकवायची, म्हणून तिची एक पायरी बुद्धाची आणि त्याच्या कथेतल्या बायकांची. त्याची बायको यशोधरा, खीर देणारी सुजाता, संघात घ्या म्हणून दाराशी तिष्ठणारी गौतमी आणि बुद्धाला भुलवायला आलेल्या माराच्या तीन मुली. त्या तिघी म्हणजे तंजावूरच्याच मान डोलवणाऱ्या नाचऱ्या बाहुल्या. शेजारच्या मामी त्यांना देवी समजून कुंकू लावायच्या. खरं कळलं तेव्हा त्यांनी दचकून हात मागे घेतला. आत्या म्हणाली, “लावा की मामी. एवढ्या नाचल्या बापड्या, त्यानं डोळा उघडून पाहिलं नाही. कुंकू तरी मिळू दे.” तेव्हा घरात नुकतंच केबल आलं होतं; आत्या मालिका बंद करून बायकांना सुंडल, म्हणजे हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, द्यायची आणि वर ही कथा ऐकवायची. सुंडल चविष्ट असायचं, म्हणून कथाही ऐकली जायची.

दसऱ्याला कोलू संपला, याची खूण म्हणून त्यातली एक बाहुली आडवी करून निजवतात. आमच्याकडे दरवर्षी बुद्धच निजायचा. मामी कळवळायच्या, “अय्यो, त्या यशोधरेला निजवा की!”

“एकदा निजली, तेवढ्यात नवरा घर सोडून गेला. पुरे झालं,” आत्या म्हणायची. “जगाचं दुःख कळलं त्याला. बायकोला उठवून सांगायचं, तेवढं कळलं नाही.”

हा टोमणा खरा तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना असायचा. ते एकदा पहाटे तिला न उठवता काशीला गेले आणि दोन महिन्यांनी गंगाजल घेऊन हजर. तिनं दारातच अडवलं. “आधी सांगून जावं, मग यावं.” काका उंबऱ्यावरून ‘येतो गं’ म्हणाले, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा कुठे घरात घेतलं. हे ती हसून सांगायची. त्या दोन महिन्यांनंतर पहाटे तिचा डोळा कधी लागला नाही, हे मात्र एकदाच सांगितलं, न हसता.

तेराव्यानंतर मी बाहुल्या जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत भरल्या. बुद्ध आधीच आडवा होता. यशोधरा हातात घेतली आणि थांबले… ट्रंकेत तिला आडवंच ठेवावं लागणार. आत्या हे कसं करायची, ते विचारायचं राहून गेलं. शेवटी तिला कोनाड्यात बसवलं, दाराकडे तोंड करून. पुण्याला परतायची गाडी गाठायची होती. कुलूप हातात घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले आणि शेजारच्या मामींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, “येते गं आत्या.”