जिंकून आणलेला बकरा

बकरी ईद चार दिवसांवर आणि नवरा दारात बकरा घेऊन उभा! लग्न होऊन म्हसावदला आले तेव्हापासून माझ्या घरी कधी कुर्बानी झाली नव्हती. दरवर्षी मोठ्या जावेकडून वाटा यायचा आणि मी हसून घ्यायचे. एकदा तरी आपल्या हाताने लोकांचे वाटे काढावेत, एवढंच माझं मागणं. मी त्या बकऱ्याच्या गळ्यातच पडले.

"जितीसन लयना!" त्याची छाती फुगलेली. कापूस निघालेल्या शेतात आठ टीमचे क्रिकेटचे सामने होते, बक्षीस बकरा.

"बक्षीस दिलं कोणी?"

"आठी टीमनी वर्गणी कयी."

या अल्लाह! माझं तोंडच उतरलं. गल्लीतल्या मुलींना मी अरबी शिकवते. खेळ हलाल, बाहेरच्या कोणी बक्षीस दिलं तर तेही हलाल. पण सगळ्यांनी टाकायचं आणि एकाने न्यायचं, हा जुगार, असं मीच त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. मोबाइलवर मॅचला पैसे लावणाऱ्यांना हा स्वतः शिव्या घालतो, पण वर्गणीचा बकराही त्यातलाच, हे त्याच्या गावीही नव्हतं. खरं सांगते, दुपारभर मी गप्प बसले. बकऱ्याला पाला घालत राहिले. संध्याकाळी घास उतरेना, तेव्हा बोलून टाकलं.

"मी काय पत्ते खेयनू का? तीन मॅच जितनूत आम्ही!" तणतणत मौलानांकडे गेला आणि मान खाली घालून परत आला.

दुसऱ्या दिवशी बकरा परत मैदानावर नेऊन म्हणाला, हा आठही टीमचा. पोरं आधी हसली, मग तिथेच बकरा कापून जेवणाचा बेत ठरला. एक टीम तापीकाठच्या गुजर पोरांची, मटणाला न शिवणारी. त्यांच्यासाठी मी वरण-बट्टी केली. मीही जेवले. पोटभर जेवले, खोटं कशाला बोलू?

ईदला आमच्याकडे वाटा जावेकडूनच आला. वाईट वाटलं? वाटलं की. पण झोप छान लागत होती. जेवताना तो हळूच म्हणाला, "तू चूप ऱ्हाती तर माले काय समजतं?"

"पन माले ते माहीत व्हतं ना," मी म्हटलं आणि त्याला अजून एक भाकर वाढली.